वर्णनात्मक पेपरसाठी तयार निबंध नकोत, लिहिता हात हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक, म्हणजे सविस्तर उत्तरे लिहिण्याची झाली. निबंधाचा स्वतंत्र पेपर २५० गुणांचा आहे आणि ते गुण थेट गुणवत्ता यादीत धरले जातात. शिवाय मराठी आणि इंग्रजीचे प्रत्येकी ३०० गुणांचे पेपर आहेत. त्यांत किमान २५ टक्के, म्हणजे ७५ गुण मिळवावेच लागतात. २०१२ पासून सामान्य अध्ययनाचे चारही पेपर वस्तुनिष्ठ, म्हणजे पर्याय निवडण्याचे होते आणि सलग लेखन भाषेच्या पेपरापुरतेच उरले होते. त्या काळात ज्यांनी अभ्यास केला त्यांचे वाचन दांडगे आहे, पण हाताची सवय गोल काळे करण्याची आहे. हे ओळखूनच बाजारात ‘अपेक्षित निबंध’, ‘हमखास येणारे विषय’ अशा पुस्तिकांचा पूर आला आहे आणि अभ्यासिकांमधून मुले-मुली ते निबंध पाठ करत बसली आहेत. हा रस्ता चुकीचा का आहे आणि बरोबर रस्ता कोणता, हे आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून उमेदवारांना सविस्तर सांगावे म्हणून हे पत्र.

पाठ केलेला निबंध ओळखायला तपासणाऱ्याला दोन परिच्छेद पुरतात. विषयातला नेमका शब्द पहिल्या ओळीत येतो आणि पुढे तो कुठेच सापडत नाही. सरावासाठी आम्ही शिक्षकांनी दिलेला एक विषय घ्या : ‘पाण्याचा हिशेब ठेवणारे गावच टिकते’. पाठांतर करणारा उमेदवार ‘पाणी’ हा शब्द पाहतो आणि ‘जलसंधारण : काळाची गरज’ हा निबंध उतरवून काढतो. पाण्याचे महत्त्व, पृथ्वीवर पाणी किती, त्यातले गोडे किती, प्रदूषण, उपाय, समारोप. विषय मात्र पाण्याचा नव्हताच, हिशेबाचा होता. त्यातही ‘गावच’मधल्या ‘च’चा होता. हिशेब ठेवला की गाव टिकतेच का? हिशेब कोणी ठेवायचा, ग्रामसभेने की ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने? वरच्या गावाने अडवलेल्या पाण्याचा हिशेब खालच्या गावाने कसा मांडायचा? ज्याला जमीनच नाही त्याचा या हिशेबात वाटा किती? हे प्रश्न विषयातच दडलेले आहेत आणि गुण त्यांना आहेत. म्हणून विषय हाती आला की पहिली पाच मिनिटे एकच काम करावे. त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून ‘हा शब्द काढला तर विषय बदलतो का?’ असे विचारावे. ज्या शब्दाने विषय बदलतो, त्या शब्दाला निबंधात निदान एक पूर्ण परिच्छेद मिळाला पाहिजे.

आता वेळेचे गणित, कारण बहुतेकांचा निबंध इथेच फसतो. संघ लोकसेवा आयोगाच्या निबंधाच्या पेपरात दोन विभाग असतात. प्रत्येक विभागात चार विषय असतात आणि त्यातला एकेक निवडून १००० ते १२०० शब्दांचे दोन निबंध तीन तासांत लिहायचे असतात. प्रत्येकाला १२५ गुण. राज्यसेवेची नवी रचना याच धर्तीवर आखलेली आहे, त्यामुळे सराव याच मापाने करणे योग्य. घड्याळ लावून दहा मिनिटे सलग लिहा आणि शब्द मोजा. १५० शब्द भरले तर १००० शब्दांना साधारण ६७ मिनिटे लागतील. विषयनिवडीला १० मिनिटे, प्रत्येक निबंधाला आराखड्यासाठी १५, लिहायला ६७ आणि वाचून पाहायला ३ मिनिटे धरली की १८० मिनिटे बरोबर संपतात. पण दहा मिनिटांत १२० च शब्द होत असतील तर १००० शब्दांना ८३ मिनिटे लागतात, दोन निबंधांची १६६ होतात आणि सगळ्या विचाराला मिळून १४ मिनिटे उरतात. असा उमेदवार कितीही हुशार असला तरी दुसरा निबंध अर्धवट टाकतो. पहिला १४०० शब्दांचा आणि दुसरा ६०० चा, ही जोडी सराव उत्तरपत्रिकांमध्ये फार दिसते. दोन्हींना गुण सारखेच असताना पहिल्यात जास्त लिहिलेल्या ४०० शब्दांनी हाती काही लागत नाही आणि दुसऱ्यात न लिहिलेल्या ४०० शब्दांनी मात्र नक्की जाते.

हाताचा वेग वाढवता येतो. बरेच जण प्रत्येक अक्षरावर वेगळी शिरोरेघ देतात. त्याऐवजी आधी पूर्ण शब्द लिहून मग एकाच फटक्यात रेघ ओढावी. शिरोरेघ अजिबात सोडून देण्याचा मोह मात्र टाळावा. ध आणि घ, भ आणि म यांतला फरक रेघ कुठे तुटते यावरच असतो. रेघ गेली की ‘भाग’ आणि ‘माग’ सारखेच दिसतात आणि घाईत वाचणारा अडखळतो. पेन परीक्षेत वापरायचे तेच सरावात वापरावे. पकड घट्ट असली तर तासाभरात अंगठ्याचा सांधा दुखू लागतो आणि अक्षर बिघडते ते तिथून पुढे. रोज दहा मिनिटांनी सुरुवात करून दर आठवड्याला सलग लेखनाचा वेळ वाढवत नेला तर अडीच-तीन महिन्यांत तीन तास बसणे जमते. परीक्षेच्या आधी आठवडाभर एकदम तीन-तीन तास लिहून ते जमत नाही. हात सुजतो, एवढेच होते.

शब्द मोजण्याबाबत मराठीची एक सोय उमेदवारांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून येतात. ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’ हा एक शब्द झाला, इंग्रजीत त्याच अर्थाला चार शब्द लागतात. त्यामुळे तेवढ्याच शब्दमर्यादेत मराठी निबंधात जास्त आशय बसतो. इंग्रजी नमुना पाहून ‘एवढे मुद्दे पुरेत’ असे ठरवणाऱ्याचा मराठी निबंध ८०० शब्दांतच संपतो आणि मग शेवटी पाल्हाळ सुरू होते. प्रत्यक्ष पेपरात शब्द मोजत बसू नये. आपल्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते आधीच मोजून ठेवावे आणि ओळी मोजाव्यात. ओळीला आठ शब्द बसत असतील तर १००० शब्द म्हणजे १२५ ओळी.

आराखडा म्हणजे मुद्द्यांची यादी नव्हे. ‘आर्थिक बाजू, सामाजिक बाजू, पर्यावरणीय बाजू’ असे कप्पे लिहून ठेवले की प्रत्येक विषयाचा निबंध सारखाच दिसतो. सात परिच्छेदांसाठी सात पूर्ण वाक्ये लिहावीत, क्रियापदासह. वरच्या विषयाच्या आराखड्यात ‘हिशेब’ असे न लिहिता ‘पाऊस मोजल्याशिवाय पीक ठरवणे हा जुगार आहे’ असे लिहावे. पुढचे वाक्य ‘पण हिशेब मांडणारा आणि पाणी उपसणारा एकच असेल तर वही खोटी होते’ असे असू शकते. सातही वाक्ये सलग वाचली की त्यातून एक युक्तिवाद पुढे सरकताना दिसला पाहिजे. दोन वाक्यांची अदलाबदल करूनही काही बिघडत नसेल तर आराखडा अजून कच्चा आहे. प्रत्येक वाक्याला १४०-१५० शब्दांचा परिच्छेद दिला की हजाराचा आकडा आपोआप गाठला जातो.

उदाहरणांचे तर फारच हाल होतात. पाणी म्हटले की हिवरे बाजार, इतके सगळ्यांना ठाऊक आहे. पण ‘हिवरे बाजार या आदर्श गावाने जलक्रांती केली’ या वाक्यात माहिती काहीच नाही. तिथे काय केले ते लिहावे. डोंगरउतारावर समतल चर खोदले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असे गावाने ठरवले, ऊस-केळीसारखी जास्त पाणी पिणारी पिके टाळली आणि पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. असे दोन ओळींत लिहिले की तेच नेहमीचे उदाहरण युक्तिवादाचा पुरावा बनते, कारण त्यात कारण आणि परिणाम दोन्ही आहेत. पन्नास उदाहरणे वरवर माहीत असण्यापेक्षा पंधरा उदाहरणे अशी आतून माहीत असावीत. आमच्या मते महाराष्ट्राच्या उमेदवाराकडे असायलाच हवे असे एक उदाहरण रोजगार हमीचे आहे. १९७२ च्या दुष्काळात कामाची मागणी मोठ्या प्रमाणावर पुढे आली. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. या योजनेच्या खर्चासाठी नोकरदारांवर आणि व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवला, म्हणजे शहराच्या पगारातून गावच्या मजुरीची सोय झाली. आणि २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. हे एकच उदाहरण दुष्काळ, श्रमप्रतिष्ठा, करव्यवस्था, स्त्रियांचा रोजगार, केंद्र-राज्य संबंध अशा पाच-सहा विषयांना उपयोगी पडते. मात्र प्रत्येक वेळी त्याची वेगळी बाजू पुढे आणावी लागते.

आकडे लिहिताना वर्ष आणि स्रोत आठवत असेल तरच लिहावा. चुकीचा आकडा सापडला की तपासणारा पुढच्या बरोबर आकड्यांकडेही संशयाने पाहतो. थोरांच्या वचनांचे तसेच आहे. गांधीजी, बाबासाहेब आणि अब्दुल कलाम यांच्या नावावर समाजमाध्यमांत फिरणारी कितीतरी वाक्ये त्यांची नाहीत. वचनाने सुरुवात करण्याची सक्ती कोणीही केलेली नाही. एखाद्या प्रसंगाचे नेमके चित्र, दोन गोष्टींतला विरोध, किंवा सरळ विषयातल्या शब्दाची फोड, यांतली कोणतीही सुरुवात चालते.

भाषेबद्दल थोडे कठोर लिहावे लागेल. इंग्रजी टिपणांवरून अभ्यास केलेल्या उमेदवारांची मराठी ‘द्वारे’ आणि ‘करण्यात आले’ यांनी भरलेली असते. ‘शासनाद्वारे योजना राबविण्यात आली’ याऐवजी ‘शासनाने योजना राबवली’ असे लिहिले की वाक्य लहान होते आणि कर्ता समोर येतो. कुठे ‘केले’, कुठे ‘केलं’ असे एकाच निबंधात करू नये. परीक्षेत ‘केले, होते, असे’ हीच रूपे शेवटपर्यंत ठेवावीत. शुद्धलेखनाच्या चुका शंभर प्रकारच्या वाटतात, प्रत्यक्षात आठ-दहा नियमांत बहुतेक सगळ्या येतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ : कवी, गुरू. समासात पहिल्या जागी तोच ऱ्हस्व होतो : कविराज, गुरुदक्षिणा. ‘आणि’ नेहमी ऱ्हस्व, ‘की’ नेहमी दीर्घ. मराठी शब्दातला शेवटून दुसरा दीर्घ स्वर प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो : मूल-मुलाला, गरीब-गरिबाला. पण संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आपले रूप सोडत नाही, म्हणून परीक्षा-परीक्षेत, विद्यापीठ-विद्यापीठात. सामाजिक, आर्थिक, नागरिक यांतला ‘इक’ ऱ्हस्वच. आणि महत्त्व, तत्त्व, व्यक्तिमत्त्व, उज्ज्वल यांतली जोडाक्षरे पाठच करावीत, कारण निबंधात हे शब्द पानोपानी येतात आणि ‘महत्व’ ही चूक एकदा नाही तर पंधरा वेळा दिसते.

पत्रलेखनाकडे उमेदवार ‘सोपे आहे’ म्हणून दुर्लक्ष करतात. ते सोपे नाही. त्यात १५०-२०० शब्दांत काम करून घ्यायचे असते. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तर परीक्षेत निबंध आणि पत्राचा १०० गुणांचा, एका तासाचा पेपर होता. २०२२ च्या जाहिरातीपासून तो बंद झाला, तरी त्याची पुस्तके अजून विकली जातात. बँकांच्या अधिकारी पदासाठीचा वर्णनात्मक पेपर इंग्रजीत, कीबोर्डवर आणि ३० मिनिटांत असतो. त्याचे प्रश्नप्रकार बदलत राहतात. म्हणून पुस्तक घेण्याआधी त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचावी. भाषा कोणती, हाताने की संगणकावर, शब्दमर्यादा किती, हे तिथेच कळते.

पत्रात सगळ्यात महाग पडणारी चूक ओळख उघड करण्याची आहे. स्वतःचे नाव, गाव, आसन क्रमांक, दूरध्वनी यांतले काहीही उत्तराच्या मजकुरात आले तर उत्तरपत्रिका बाद होऊ शकते. काल्पनिक नाव-पत्ता लिहिणेसुद्धा सुरक्षित नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या २०१८ च्या उच्च माध्यमिक स्तर परीक्षेत अशाच कारणावरून हजारो उमेदवारांना आधी शून्य गुण मिळाले होते. प्रश्नपत्रिकेत जी खूण दिली असेल, ‘अ. ब. क.’ किंवा ‘क्ष’, तीच लिहावी. काही दिले नसेल तर पदनाम किंवा ‘एक नागरिक’ एवढेच पुरे. पत्ता म्हणून ‘परीक्षा केंद्र’ लिहावे.

मजकुराचे माप असे धरावे. पहिल्या परिच्छेदात काय घडले ते २५-३० शब्दांत, दुसऱ्यात तपशील ७०-८० शब्दांत आणि तिसऱ्यात नेमकी मागणी ३०-४० शब्दांत. समजा, एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून रक्कम वजा झाली, अशी तक्रार शाखाधिकाऱ्यांना लिहायची आहे. बहुतेक जण ‘मला फार मनस्ताप झाला, तरी कृपया योग्य ती कार्यवाही करावी’ इथे थांबतात. शाखाधिकाऱ्याला लागते ती तारीख, वेळ, रक्कम, यंत्र कुठले आणि पावतीवर काय छापून आले. मागणीही नेमकी हवी. अशा फसलेल्या व्यवहाराची रक्कम पाच दिवसांत परत जमा करावी आणि त्याहून उशीर झाल्यास दररोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तो एका वाक्यात नमूद केला, आणि ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे दाद मागू असे सभ्य शब्दांत लिहिले, की पत्राला वजन येते. विषयाची ओळ दहा-बारा शब्दांत संपवावी आणि तिच्या शेवटी ‘...बाबत’ यावे. आधीच्या पत्राचा उल्लेख असेल तर ‘संदर्भ’ विसरू नये. कागद जोडले असतील तर सहीखाली ‘सोबत’ लिहावे.

कार्यालयीन पत्रात प्रकार ओळखणे हेच अर्धे काम आहे. शासकीय पत्र पदाला उद्देशून असते. त्यात ‘मी’ पुढे येत नाही आणि ‘आपणांस असे कळविण्याचे मला निदेश आहेत की’ अशी सुरुवात होते. अर्धशासकीय पत्र अधिकाऱ्याला नावाने लिहितात, ‘प्रिय श्री.’ असे संबोधून, प्रथम पुरुषात आणि एखाद्या अडलेल्या कामाकडे त्याचे व्यक्तिशः लक्ष वेधण्यासाठी. परिपत्रक एकाच वेळी अनेक कार्यालयांना जाते, त्यात विनंती नसते, सूचना असते. अर्धशासकीय पत्रात ‘महोदय’ किंवा परिपत्रकात ‘नम्र विनंती’ दिसली की उमेदवाराला प्रकारच कळलेला नाही हे पहिल्याच ओळीत समजते. शासकीय कार्यालयांची परिपत्रके आणि शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत उपलब्ध असतात. त्यातले वीस-पंचवीस नीट वाचले तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकापेक्षा जास्त शिकायला मिळते. फक्त त्यांची लांबलचक वाक्ये उचलू नयेत.

बारा आठवडे हातात असतील तर पहिले तीन आठवडे रोज एक परिच्छेद, १५० शब्द, दहा मिनिटे. निबंध नकोच. पुढचे तीन आठवडे आठवड्याला पाच विषयांचे फक्त आराखडे आणि एक पूर्ण निबंध, घड्याळाशिवाय. सातव्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत वेळ लावून आठवड्याला एक निबंध आणि दोन पत्रे. शेवटच्या दोन आठवड्यांत तीन तासांचा पूर्ण पेपर दोनदा, परीक्षेच्याच वेळेला बसून. याच्या जोडीला एक चुकांची वही ठेवावी. तपासून आलेल्या प्रत्येक उत्तरातली चूक आणि तिच्यासमोर बरोबर रूप लिहावे. पुढच्या लेखनाच्या आधी ती वही दोन मिनिटे चाळावी. आणि जो निबंध बिघडला, तोच तीन दिवसांनी पुन्हा लिहावा. उमेदवार हे करायला कंटाळतात, नवा विषय हवा असतो. पण सुधारणा दिसते ती पुनर्लेखनातच, कारण विषय ओळखीचा असल्याने सगळे लक्ष मांडणीकडे जाते. तपासायला शिक्षक मिळाला नाही तर एखाद्या सहाध्यायाला पहिला आणि शेवटचा परिच्छेद तेवढा वाचायला द्यावा आणि विषय काय असावा ते विचारावे. त्याने सांगितलेला विषय आणि दिलेला विषय जुळला नाही तर दुरुस्ती कुठे करायची ते कळते.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाला आमची विनंती आहे की दरवर्षी निकालानंतर चांगले गुण मिळालेले पाच-सहा निबंध, उमेदवाराची ओळख झाकून, परीक्षकांच्या शेऱ्यांसह संकेतस्थळावर ठेवावेत. खऱ्या उत्तरपत्रिका समोर आल्या की तयार निबंधांचा बाजार आपोआप ओसरेल. आणि संपादक महोदय, आपणांसही एक विनंती. वाचकपत्रांच्या सदरात आठवड्यातून एक दिवस १५० शब्दांची जागा विद्यार्थ्यांच्या पत्रांसाठी राखून ठेवता येईल का? विषय आपण द्यावा, शब्दमर्यादा काटेकोर पाळावी आणि छापलेल्या पत्रातल्या दोन त्रुटी खाली दाखवाव्यात. त्या त्रुटी दाखवण्याचे काम आम्ही विनामोबदला करू.

आपले विश्वासू,
स्पर्धा परीक्षांच्या सराव उत्तरपत्रिका तपासणारे काही मराठी शिक्षक